गाळलेल्या ओळी

बेंबळीत आमच्याकडे पेपर दुपारी यायचा. उस्मानाबादहून एसटीनं गठ्ठा यायचा, आणि त्यातला एक आमच्या ओसरीवर पोचेपर्यंत माझी शाळा सुटलेली असायची. दप्तर टाकलं की मी नानांपुढं बसायचो आणि पेपर वाचायचो. मोठ्यानं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. बाजारभाव, निधनवार्ता, निविदा सूचनासुद्धा. नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. ते तीन वर्षांचे असताना घरात देवी आल्या आणि त्यांचे दोन्ही डोळे घेऊन गेल्या.

अग्रलेख मला नको वाटायचा. मधला एखादा परिच्छेद मी गुपचूप खाऊन टाकायचो. नाना हात वर करून थांबवायचे.

"गाळलास."

"न्हाई नाना."

"गाळलास की रं. मघाशी पहिलं कारण म्हणाला, आता एकदम तिसरं आलं. दुसरं कुठं गेलं?"

आज मी स्क्रीनरीडरचा इतिहास लिहायला बसलोय. स्क्रीनरीडर म्हणजे पडद्यावर जे असेल ते बोलून दाखवणारी सोय. ती तुमच्याही फोनमध्ये आहे. अँड्रॉइडवर तिला टॉकबॅक म्हणतात, आयफोनवर व्हॉइसओव्हर. हा लेख संपला की चालू करून बघा, फक्त बंद कशी करायची ते आधी बघून ठेवा, नाहीतर फोन घेऊन घरभर फिराल. या सोयीचा इतिहास बहुतेक ठिकाणी अमेरिकेतल्या एखाद्या प्रोग्रामरपासून सुरू होतो. माझ्यासाठी तो ओसरीवर सुरू होतो. यंत्रं यायच्या आधी हे काम माणसं करायची, आणि माणसं गाळतात.

अशा माणसांवर विसंबून काय काय करता येतं, याचं मराठीतलं सगळ्यात मोठं उदाहरण गुलाबराव महाराजांचं. १८८१ साली अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीत जन्म, तान्हेपणीच दृष्टी गेली, १९१५ साली, म्हणजे चौतिसाव्या वर्षी, निधन. एवढ्या आयुष्यात लहानमोठे शंभराहून अधिक ग्रंथ. ग्रंथ ते दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे आणि सांगून लिहून घ्यायचे. नावंग नावाची एक स्वतःची भाषासुद्धा त्यांनी बनवली. लोक त्यांना प्रज्ञाचक्षु म्हणतात. मला मात्र त्यांचा विषय निघाला की त्यांना वाचून दाखवणारे आठवतात. दुपारी उकाड्यात, पोट भरलेलं असताना, संस्कृत भाष्यातली एखादी ओळ त्यांतल्या कुणी गाळली नसेल का? आणि महाराजांनी ती पकडली असेल का? माझी खात्री आहे की पकडली असणार. ज्याला एकदाच ऐकून लक्षात ठेवायचं असतं, त्याचे कान सावध असतात.

जनगणनेनं मात्र आंधळ्यांना बराच काळ नीट मोजलं होतं. १८८१ पासून १९३१ पर्यंत प्रत्येक खेपेला आंधळे, मुके-बहिरे, वेडे आणि कुष्ठरोगी असा वेगळा हिशेब व्हायचा. मग तो थांबला. १९८१ साली पुन्हा विचारलं, १९९१ साली पुन्हा नाही, २००१ पासून परत सुरू. नाना १९६० सालचे. म्हणजे ते वयाच्या विशीपर्यंत कुठल्याच जनगणनेत आंधळे नव्हते. २०११ च्या मोजणीत देशात २ कोटी ६८ लाख अपंग माणसं निघाली, त्यांत सुमारे ५० लाख दृष्टीची अडचण असलेली.

नाना चार वर्षं शाळेत गेले. गावातल्या नव्हे; लांब एका शहरात अंधांची शाळा होती, तिथं आजोबांनी त्यांना नेऊन सोडलं. अशा शाळा तेव्हाही हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्याच होत्या. मुंबईची सगळ्यात जुनी शाळा १९०० सालची, अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी काढलेली, पुढं दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेलेली. तिथं एका लाहोरच्या डॉक्टरनं आपल्या पाच वर्षांच्याही नसलेल्या मुलाला तेराशे-चौदाशे किलोमीटरवर पाठवलं होतं. तो मुलगा म्हणजे 'न्यू यॉर्कर'मध्ये पुढं तीसेक वर्षं लिहिणारे वेद मेहता. त्या शाळेवर त्यांनी 'वेदी' नावाचं अख्खं पुस्तक लिहिलंय. आमच्या नानांच्या वाट्याला तसं काही आलं नाही. १९७२ चा दुष्काळ पडला आणि बारा वर्षांचे नाना घरी परत आले. येताना एक पत्र्याची पाटी आणि टोचणी घेऊन आले.

या पाटीवर ब्रेल लिहितात. लिहितात म्हणजे जाड कागद पाटीत अडकवून टोचणीनं भोकांसारखे खड्डे पाडतात. कागद उलटला की तेच खड्डे उंचवटे होतात आणि बोटांना लागतात. त्यामुळं लिहायचं उजवीकडून डावीकडं, प्रत्येक अक्षर उलटं, आणि वाचायचं डावीकडून उजवीकडं, सुलटं. आमचे आजोबा निजामाच्या राज्यात शिकलेले, उर्दूतून. आमचा जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, हे नव्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगतो. आजोबांनी नानांची पाटी बघितली आणि म्हणाले, "म्हणजे लिहायचं उर्दूसारखं आन् वाचायचं मराठीसारखं."

ते बोलले त्याहून ते जास्त खरं होतं. ब्रेल ही लिपी लुई ब्रेलनं फ्रान्समध्ये पंधराव्या वर्षी, १८२४ साली बनवली आणि १८२९ साली छापली. सहा ठिपके, तीन डावीकडं, तीन उजवीकडं, एवढंच भांडवल. भारतात ती आली तेव्हा प्रत्येक मिशननं, प्रत्येक शाळेनं आपापली जुळणी केली. एका शाळेतलं पुस्तक दुसऱ्या शाळेतल्या मुलाला वाचता येईना. लिपी एक, ठिपके तेच, पण अर्थ निरनिराळे. (ही ओळ लक्षात ठेवा, पुढं संगणकाच्या फॉन्टांबद्दल नेमकं हेच लिहायचं आहे.) स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, भारत सरकारनं हा गुंता युनेस्कोपुढं ठेवला. त्या कामात क्लुथा मॅकेन्झी होते, गॅलिपोलीच्या लढाईत डोळे गमावलेले न्यूझीलंडचे गृहस्थ. शिक्षण मंत्रालयात लाल अडवाणी होते, तेही अंध. १९५१ साली बैरूतच्या परिषदेत आराखडा ठरला आणि त्याच वर्षी भारती ब्रेल आली.

भारती ब्रेलमधली गंमत अशी की तिनं लिपी बाजूला ठेवली आणि ध्वनी धरला. मराठीतला ब आणि उर्दूतला बे, बंगालीतला ब आणि कन्नडमधला ब, सगळे एकच: पहिला आणि दुसरा ठिपका. उर्दूसुद्धा डावीकडून उजवीकडं. ज्या दशकात या देशात भाषेवरून आणि लिपीवरून माणसं रस्त्यावर उतरत होती, त्याच दशकात आंधळ्या मुलांच्या पुस्तकात हिंदी आणि उर्दूची वर्णमाला जवळपास एक झाली होती. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. डोळसांना दिसत नव्हतं ना.

आणखी एक. कागदावर आपण 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढतो, क नंतर. बोलताना मात्र क आधी येतो. भारती ब्रेलमध्ये बोलण्याचा क्रम आहे: आधी क, मग इ. ब्रेल कानाचं ऐकते.

नानांनी मला पहिल्यांदा टोचून दाखवलेला शब्द होता 'बेंबळी'. सहा घरं. त्यातला ळ मला फार आवडला. ल म्हणजे डावीकडचे तिन्ही ठिपके, ळ म्हणजे उजवीकडचे तिन्ही. एकमेकांची आरशातली रूपं. पाटीवर उलटं टोचायचं असल्यामुळं नवशिक्या पोराची दिशा चुकली की बेंबळीची बेंबली होते. नाना म्हणायचे, शाळेत या एका अक्षरावरून त्यांना हसायचे, कारण नाव सांगताना गावच आधी चुकायचं.

मी ब्रेल शिकलो नाही. शिकायला हवं होतं. पण मला शिकून काय वाचायचं होतं, आणि नानांना तरी काय? घरात ब्रेलमधली तीन पुस्तकं होती. ती बोटांनी झिजून सपाट झाली होती.

१९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला. पहाटे चारच्या आसपास आम्ही सगळे अंगणात आलो. पुढचे कितीतरी दिवस नाना रेडिओला चिकटून होते. सास्तूर, किल्लारी, लोहारा, उमरगा. ती नावं त्यांनी आणि मी एकाच क्षणी ऐकली. रेडिओपुढं आम्ही बरोबरीचे होतो. तिथं मला काही गाळता येत नव्हतं.

त्याच वर्षी, फेब्रुवारीत, अमेरिकेत मार्क अँड्रीसन नावाच्या एका तरुणानं महाजालाच्या पानावर चित्र टाकण्यासाठी एक खूण सुचवली होती. तोवर महाजाल म्हणजे मजकूर होता. चित्रं आली आणि महाजाल लोकांचं झालं. आणि चित्रं आली तेव्हाच ते नानांसारख्यांना बंद व्हायला लागलं. चित्राच्या मागं त्याचं शब्दांत वर्णन ठेवायची सोय लवकरच आली. १९९९ च्या मे महिन्यात महाजालाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं सगळ्यांना वापरता येतील अशी पानं कशी करावीत, याचे पहिले नियम काढले. त्यातला पहिलाच नियम होता: जे नुसतं बघायचं किंवा ऐकायचं आहे, त्याला तोडीस तोड पर्याय द्या.

पण त्याआधी एक पत्र आलं होतं.

मी बारा वर्षांचा असेन. अंतर्देशीय पत्र. नानांच्या लग्नाची बोलणी एका ठिकाणी चालली होती, हे मला माहीत नव्हतं. पोस्टमननं पत्र दिलं, नाना म्हणाले वाच, आणि मी ओसरीवर, आजी, आत्या, शेजारचे दोघं-तिघं बसलेले असताना, पेपर वाचतो त्याच खणखणीत आवाजात वाचायला लागलो. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की मुलीला पसंत आहे, पण घरच्यांना आंधळा जावई नको. मी 'आंधळा जावई' पर्यंत पोचलो आणि मग मला कळलं. पुढच्या चार ओळी आणखी वाईट होत्या. मी त्या सोडल्या आणि एकदम 'सर्वांना नमस्कार' वाचलं.

नाना गप्प होते. मग म्हणाले, "गाळलास."

मी काहीच बोललो नाही.

"जे लिवलंय ते वाच."

मी वाचलं. सगळ्यांसमोर. आत्या उठून आत गेली. अग्रलेख मी आळसानं गाळायचो, पत्र दयेनं गाळलं, आणि दोन्ही वेळा नानांनी एकच शब्द वापरला. स्वतःचं पत्र स्वतः वाचता येणं म्हणजे काय, हे मला तेव्हा समजलं असं म्हणणार नाही. पण पुढं कुणी वेबसाइटच्या सुगमतेवर व्याख्यान द्यायला लागलं की मला ते निळं पत्र दिसतं.

एवढं सगळं होऊनही मी पुण्याला जाऊन काय केलं? मराठी संकेतस्थळं बनवली, जी नानांना वाचता येणार नाहीत.

२००३ ची गोष्ट. एका लहानशा कंपनीत मी नोकरीला लागलो. मराठी महाजालावर यायला लागली होती, पण कशी? प्रत्येक वर्तमानपत्राचा, प्रत्येक प्रकाशनाचा फॉन्ट वेगळा. संकेतस्थळ उघडलं की आधी सूचना: आमचा फॉन्ट उतरवून घ्या. या फॉन्टांची युक्ती साधी होती. संगणकाच्या दृष्टीनं मजकूर इंग्रजी अक्षरांचाच राहायचा. फॉन्ट फक्त त्या अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवायचा. सगळ्यांना माहीत असलेल्या कृतीदेवचं उदाहरण घ्या. त्यात 'मराठी' असा शब्द दिसतो तेव्हा आत साठवलेली अक्षरं असतात ई, जे, के, मोठा बी, एच. डोळ्याला मराठी, आत काहीच नाही. दुसऱ्या कंपनीचा फॉन्ट लावला की तोच मजकूर भलताच दिसणार. म्हणजे १९५१ पूर्वीच्या अंधशाळांसारखी अवस्था: चिन्हं तीच, अर्थ ज्याचा त्याचा. आणि वेलांटी? ती आधी. डोळ्याला दिसते तशी.

याला इलाज नव्हता असं नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं मानक १९९१ साली अधिकृत झालं होतं, त्यामागं पुण्याच्या सी-डॅकचं काम होतं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तिच्यात देवनागरी होती, इस्कीच्याच वळणानं. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक. आमच्या ळचा ०९३३. आणि साठवायचा क्रम उच्चाराचा: आधी क, मग वेलांटी. चाळीस वर्षांपूर्वी भारती ब्रेलनं जे ठरवलं, तिथंच संगणकशास्त्र येऊन पोचलं होतं. विंडोज २००० मध्ये युनिकोड मराठी चालत होती, र. कृ. जोशींचा मंगल फॉन्ट सोबत येत होता. तरी आमच्या धंद्यात सगळे जुन्याच फॉन्टांवर अडून होते. सवय होती, टायपिस्टचे हात बसलेले होते, आणि खरं सांगायचं तर फॉन्ट विकणाऱ्यांना गिऱ्हाईक बांधून ठेवायला हे सोयीचंही होतं. मथळ्यांसाठी तर मी आणखी सोपी वाट काढली होती. मथळ्याचं चित्र करून टाकायचो. फॉन्ट असो नसो, मथळा दिसणार. चित्रामागं शब्द ठेवायला अर्धा मिनिट लागतो. ते मी शेकडो चित्रांत एकदाही केलं नाही. १९९९ चे नियम निघून चार वर्षं झाली होती. मला ते माहीत होते का? ऐकून होतो.

२००९ च्या दिवाळीत लॅपटॉप घेऊन गावी आलो. कुणीतरी मला एनव्हीडीए दिलं होतं. हा फुकट मिळणारा स्क्रीनरीडर, आणि त्याची जन्मकथा मला सगळ्यात आवडते. त्याआधीचा प्रसिद्ध स्क्रीनरीडर जॉज. तो १९८९ साली टेड हेंटर यांनी काढला. ते मोटरसायकलच्या शर्यती खेळायचे, १९७८ साली मोटारीच्या अपघातात त्यांचे डोळे गेले. जॉज उत्तम होता, पण त्याची किंमत आपल्याकडच्या माणसाला संगणकापेक्षा जड. २००६ साली मायकेल करन या ऑस्ट्रेलियन तरुणानं फुकट पर्याय लिहायला घेतला, लवकरच जेम्स टेह त्याला मिळाला. दोघंही अंध, लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात भेटलेले. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की पडदा बघायला डोळस माणूस जादा पैसे देत नाही, मग आम्ही ऐकायला का द्यावे?

तर नाना म्हणाले, "तू काय काम करतोस ते दाखव." मी माझ्या हातची साइट उघडली. हेडफोन त्यांच्या कानाला, एक बाजू माझ्या. आवाज म्हणाला: ग्राफिक. ग्राफिक. ग्राफिक. हे माझे मथळे होते. मग मजकूर सुरू झाला. एजेकेबी, काहीतरी खाकरल्यासारखं, मधूनच एखादा आकडा, स्वल्पविराम. नानांनी मिनिटभर मन लावून ऐकलं.

"ही कुठल्या मुलखाची भाषा हाय?"

मी लॅपटॉप बंद केला नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल. मराठी विकिपीडिया उघडला. तो १ मे २००३ ला सुरू झालेला, म्हणजे माझ्या नोकरीच्याच वयाचा, पण पहिल्यापासून युनिकोडमध्ये. आपल्या जिल्ह्याचं पान काढलं. हिंदी धाटणीचा, पत्र्यासारखा आवाज. त्याच्या तोंडी ळ काही बसत नव्हता. पण तो वाचत होता. वाक्यामागून वाक्य, काही न गाळता. नानांनी मला दिवाळीच्या फराळालाही उठू दिलं नाही.

त्या पंधरा वर्षांत जुन्या फॉन्टांत टाइप झालेला मराठी मजकूर किती असेल, याचा मी कधीकधी विचार करतो. तो आंधळ्यांना वाचता येत नाही हे तर आहेच. पण तो तुम्हालाही सापडत नाही. शोधयंत्राला 'मराठी' हवं असतं आणि आत ई-जे-के-बी-एच पडलेलं असतं. नानांना जे दार बंद होतं, तेच दार आपण स्वतःवरही लावून घेतलं होतं. फरक एवढाच की आपल्याला कळायला उशीर झाला.

पुस्तकांचं दार तर कायद्यानंच बंद होतं. छापील पुस्तक अंध माणसासाठी ब्रेलमध्ये किंवा ऐकण्याजोगं करायचं तर प्रकाशकाची परवानगी हवी. वर्ल्ड ब्लाइंड युनियनचा तेव्हाचा अंदाज होता की शंभरात सातांहून कमी पुस्तकं अंधांना वाचण्याजोगी होतात, गरीब देशांत एखादंच. याला जगभर 'पुस्तकांचा दुष्काळ' म्हणतात. आमच्या भागात दुष्काळ हा शब्द जपून वापरतात, पण इथं तो चालेल. २०१२ साली भारतानं कॉपीराइट कायदा बदलून ही परवानगीची अट काढली. पुढच्या वर्षी २७ जूनला मोरोक्कोतल्या माराकेश शहरात आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि तो मंजूर करणारा पहिला देश भारत होता, २०१४ साली. अभिमानानं सांगावं अशी ही गोष्ट आहे आणि ती कुणी सांगत नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये सुगम्य पुस्तकालय हे अंधांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. त्याच्या कितीतरी आधी, फेब्रुवारी २००८ पासून, स्वागत थोरात 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक मराठीत काढत होते. मी त्याचा एक अंक नानांना आणून दिला तेव्हा छत्तीस वर्षांनी त्यांच्या बोटांखाली नवा मजकूर आला. बोटं अडखळत होती. पहिलं पान वाचायला त्यांना संध्याकाळ लागली. मी मदत करू का विचारलं, तर नुसते हसले.

२०२० च्या जानेवारीत ९३वं साहित्य संमेलन उस्मानाबादला झालं. नानांना घेऊन गेलो. ग्रंथदालनात त्यांनी पुस्तकं हातात घेऊन वजनं बघितली, पानांचा वास घेतला, तीन निवडली. मी वाचून दाखवणार होतो. दोन झाली. तिसरं अजून अर्धं आहे.

तोवर नानांकडं फोन आला होता. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि पुढच्या वर्षी पुतण्यांनी त्यांना साधा अँड्रॉइड घेऊन दिला. टॉकबॅक त्यात २००९ पासूनच असायचं, पण आमच्या गावात ते कुणी कधी उघडलं नव्हतं. बोट उजवीकडं सरकवलं की पुढची गोष्ट, दोनदा टिचकी मारली की ती उघडते. एवढं कळल्यावर नानांनी आठ दिवसांत व्हॉट्सअ‍ॅप आपलंसं केलं. सुरुवातीला आवाज हिंदीच होता. "बेंबली," तो म्हणायचा, आणि नाना म्हणायचे, "बघ, ह्यानं पाटी उलटी धरली."

आणि मग बटणं. "बटण. लेबल नसलेलं. बटण. लेबल नसलेलं." डोळस माणसाला घर, घंटी, कचऱ्याचा डबा दिसतो. ज्यानं ते चित्र काढलं त्यानं त्याचं नाव लिहिलेलं नसतं, जसं मी लिहिलं नव्हतं. एकदा अशा निनावी बटणावर टिचकी मारून नानांनी एक अख्खा संवाद पुसून टाकला. कचऱ्याचा डबा होता तो.

सगळ्यात वाईट अनुभव एका खात्याच्या ई-केवायसीचा. चेहरा चौकटीत आणा, असं पडदा सांगत होता; चौकट कुठं आहे ते सांगत नव्हता. ती जमवल्यावर म्हणाला, डोळ्यांची उघडझाप करा. देवीनं गेलेल्या डोळ्यांची उघडझाप. पाच वेळा केलं, पाच वेळा नापास. शेवटी तिथल्या माणसानं अंगठा घेऊन काम भागवलं. नानांना सही येते. त्यांनी तसं सांगितलंही.

याच उघडझापीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. अर्जदारांत प्रज्ञा प्रसून होत्या, अ‍ॅसिड हल्ल्यामुळं ज्यांना पापण्या मिटता येत नाहीत, आणि मुंबईचे अंध वकील अमर जैन होते. ३० एप्रिल २०२५ रोजी न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांच्या खंडपीठानं निकाल दिला: डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे घटनेच्या २१व्या कलमाचा भाग आहे. सोबत वीस निर्देश, त्यांत उघडझापीला दुसरा पर्याय द्या हाही. तसं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सुगम संकेतस्थळांची तरतूद होतीच. १९९९ चे नियम, २०१६ चा कायदा, २०२५ चा निकाल. मी हे नानांना वाचून दाखवायला गेलो, तर त्यांनी ते सकाळीच फोनवर ऐकलं होतं. उलट त्यांनीच मला विचारलं, वीस निर्देशांतले तुला किती सांगता येतील?

आता शेवटची गोष्ट, अलीकडची. आत्याला जात्यावरच्या ओव्या येतात. ती पंच्याहत्तरीच्या पुढं आहे. नानांच्या मनात आलं की त्या टिपून ठेवाव्यात. फोनवर रेकॉर्ड करणं सोपं. कापणं-जोडणं अवघड, कारण आवाज कापायची बहुतेक साधनं आवाजाचं चित्र दाखवतात आणि त्यावर रेघ ओढायला सांगतात. आवाजाचं काम, तेही डोळ्यांनी करायचं! मग कळलं की रीपर नावाच्या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रामला ओसारा नावाची एक जोड मिळते, ती लावली की कुठल्या सेकंदावर आहोत, काय निवडलंय, सगळं बोलून सांगते. ती जोड सुरू करणारा माणूस कोण? तोच जेम्स टेह, एनव्हीडीएवाला. माझा जुना लॅपटॉप नानांना दिला. शिकवायला मला येत नव्हतं. फोनवरून एक अंध तरुण त्यांना शिकवायचा, आणि नाना त्याच्याशी अहो-जाहो करून बोलायचे. तीन महिने लागले. आत्या वैतागली, एकच ओवी चारदा म्हणायला लावतो म्हणून.

गेल्या महिन्यात फाइल आली. चाळीस मिनिटं. मी पुण्यात बसमध्ये हेडफोन लावून ऐकली. जात्याची घरघर, आत्याचा आवाज, मधे कुठंतरी लांब एसटीचा हॉर्न, तो त्यांनी ठेवलाय. एक ओवी संपून दुसरी सुरू होते तिथं मी थांबलो. मागं नेऊन पुन्हा ऐकलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी मी तिथं होतो. त्या दोन ओव्यांच्या मधे मी आत्याला काहीतरी विचारलं होतं, बराच वेळ बोललो होतो. तिथं आता काहीच नव्हतं. सांधासुद्धा लागत नव्हता.

मी फोन केला. "नाना, मी बोललेलं कुठं गेलं?"

"गाळलं," नाना म्हणाले. "लई बोलत हुतास मधी मधी."